गेटचा पाढा

सासरे मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. "गेट या क्रियापदाचे पाच उपयोग सांगा," म्हणाले. मी तीन सांगितले आणि चौथ्याच्या ऐवजी पोह्यांची बशी पुढे केली. ते हसले नाहीत, पण पोहे संपवले आणि लग्न जमलं. मी पास झाले असं मला कधीच वाटलं नाही. एटीकेटी मिळाली, असं मात्र वाटत राहिलं.

सासऱ्यांना आम्ही घरात नाना म्हणतो. मखमलाबादला ते रावजी सर. त्यांच्या भावांनी शेती केली, शेवंती आणि मेथी लावली, आणि नानांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. शिकायला येणारी पोरंही शेतकऱ्यांचीच. पहाटे बापाबरोबर जुड्या बांधायच्या, फुलांचे क्रेट टेम्पोत चढवायचे आणि राहिलेली झोप इंग्रजीच्या तासाला पूर्ण करायची. त्यांना जागं ठेवायला नानांनी गेटचा पाढा काढला होता. "गेट म्हणजे इंग्रजीतली कोथिंबीर आहे," ते सांगायचे. "काही सुचलं नाही की टाका. चव येते." भाजीवाल्यांच्या पोरांना हे लगेच पटायचं.

शाळा सुटल्यावर आमच्या ओट्यावर शिकवणी असायची. नाना इंग्रजी शब्द टाकायचे, पोरांनी एका सुरात मराठी अर्थ परत करायचा. गेट अप, उठणे. गेट इन, आत शिरणे. गेट आउट, बाहेर निघणे. गेट ऑफ, उतरणे. असं करत करत वरची आळी संपेपर्यंत ऐकू जायचं. कुणीही चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. वहीत उतरवून घ्यायला बंदी. पाढा लिहायचा नसतो, तोंडात ठेवायचा असतो, हा त्यांचा नियम. आणि सगळ्यात शेवटी यायचं 'गेट टुगेदर'. ते नाना लांबवून, आतल्या दाराकडे तोंड करून म्हणायचे. पोरं ओरडायची, "एकत्र जमणे!" की माझ्या सासूबाई आतून चहाचा कप घेऊन बाहेर यायच्या. नाना मान वर न करता म्हणायचे, "ठेव." शिकवणी सुटायची.

सासूबाईंचं नाव पुतळाबाई. हे मला लग्नपत्रिकेवरून कळलं, कारण घरात ते नाव कुणी घेतच नव्हतं. जीवन, म्हणजे माझा नवरा, आणि मी आई म्हणतो. जावा बाई म्हणतात. आणि नाना काहीच म्हणत नाहीत. हाक मारायची वेळ आली की खाकरायचे, नाहीतर भिंतीला विचारल्यासारखं "अंघोळीचं पाणी झालं का?" म्हणायचे. ज्या माणसाला एका क्रियापदाचे इतके उपयोग सापडले, त्याला बायकोच्या नावाचा एकही उपयोग सापडू नये, याचा मला मनापासून राग यायचा. मी एकदा आईंना बोलून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या. हसून म्हणाल्या, "नाव कशाला लागतंय? मी काय हरवले का काय?"

दिवाळी झाली आणि नानांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब. आम्ही पण तसंच म्हणालो, म्हणायचं असतं म्हणून. नाना नुसते छताकडे बघत पडलेले असायचे. मग एका सकाळी नर्स चादर बदलत असताना ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "गेट अप."

जीवन तर रडायलाच लागला. त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन केले, नाना बोलले, उठायचं म्हणताहेत. मलाही वाटलं, आता येईल सगळं हळूहळू. पण दुसरं काही आलंच नाही. मराठी तर एक शब्द नाही. पाणी नाही, दुखतंय नाही, जीवन नाही. गेट अप, गेट इन, आणि मग गप्प.

घरी आणल्यावर त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली, शिकवणीच्या ओट्याला लागून, स्वयंपाकघराच्या दारासमोर. आई दिवसभर खाटेला चिकटून. पहिल्याच दिवशी त्या नागलीची पेज चमच्याने भरवायला बसल्या. नानांनी एक चमचा घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "गेट आउट."

आता आईंना इंग्रजी येत नाही, पण हे दोन शब्द कुणाला येत नाहीत? शिकवणीतल्या दांडग्या पोरांना नाना असंच हाकलायचे. आईंनी वाटी खाली ठेवली, पदराने हात पुसला आणि त्या खरंच बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी कामावरून आले तेव्हा तिथंच होत्या. पेज वाटीत घट्ट झाली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाहेर जा म्हणले," आई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. तूच भरव."

मी आत गेले. नानांशेजारी बसले आणि ते पुन्हा सुरू झाले. गेट अप. थांबले. माझ्याकडे बघत राहिले. गेट अप. पुन्हा थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते उठा म्हणत नव्हते आणि बाहेरही जा म्हणत नव्हते. ते पाढा म्हणत होते आणि वर्गाचं उत्तर येईना म्हणून दोनतीन शब्दांतच अडत होते. मी भीत भीत म्हणाले, "उठणे." त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "गेट इन," ते म्हणाले.

मी धावत जाऊन आईंना सांगितलं. तुम्हाला नाही म्हणाले हो, पाढ्यात तिसरं तेच येतं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी विचारलं, "म्हंजे मला नाय म्हणले?"

"नाही आई. कुणालाच नाही."

त्या इतका वेळ रडल्या नव्हत्या, आता रडल्या. "मला म्हणले असते तरी चाललं असतं गं," म्हणाल्या. "वळखून म्हणले असते तर."

तेव्हापासून घरात एकच गोष्ट होऊन बसली. नाना चालतील का, हात हलेल का, हे डॉक्टरांचं. आईंना एवढंच हवं होतं, की नानांनी एकदा आपल्याला ओळखावं. मग पुढचं काही का होईना.

दिशा नावाची एक स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. गंगापूर रोडवर तिचं क्लिनिक आहे. वयाने लहान, पण कामाची. तिने आम्हाला समजावलं, की असं होतं. बोलायची वाट बंद पडते, पण वर्षानुवर्षं घोकलेलं एखादं काही शाबूत राहतं. कुणी आकडे म्हणतं, कुणी आरती. त्याचा अर्थ त्यांना कळतोच असं नाही. मग तिने तपासणीला म्हणून आईंना समोर उभं केलं आणि नानांना मोठ्याने विचारलं, "सर, ह्या कोण? यांचं नाव सांगा बघू. पु... पु..."

नानांनी खिडकीकडे पाहिलं. तिने तीनदा विचारलं. मग मान हलवून म्हणाली, "जवळच्या माणसाचं नाव येत नाहीये. ओळख कितपत आहे, आत्ता सांगता येणार नाही."

माझा पारा चढला. "अहो, धडधाकट होते तेव्हाही त्यांनी हे नाव कधी घेतलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही तेव्हा तपासलं असतं तरी नापासच झाले असते."

दिशाला हसावं की नाही कळेना. आई मात्र ओशाळून पदर सारखा करत होत्या, जणू चूक त्यांचीच. दिशाने मग दुसरा उपाय सांगितला. ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारा. रोज, कानाशी, मोठ्याने. बायकोच्या आवाजाचा उपयोग होतो.

आता हे म्हणजे आईंना विहिरीत उडी मारायला सांगण्यासारखं होतं. उखाण्यातसुद्धा त्यांनी 'सरांचं नाव घेते' म्हणून वेळ मारून नेलेली. दिशा गेल्यावर मी त्यांना किती समजावलं. काही होत नाही, देव रागवत नाही, आयुष्य कमी होत नाही. त्या म्हणत राहिल्या, "तसं नाय गं. तोंडच वळत नाय." शेवटी एका दुपारी त्यांनी मला पुढचं दार लावायला सांगितलं. खिडकीही लावायला सांगितली. मलाही आत जा म्हणाल्या. मी पडद्याआड उभी राहिले, खोटं कशाला बोलू. त्यांनी नानांच्या कानाशी वाकून आधी "अहो" म्हटलं. आणि मग हळूच, चटका बसल्यासारखं, "रावजी."

नानांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

आईंनी पुन्हा म्हटलं. जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा तर अगदी आळीत ऐकू जाईल असं. नाना छताकडे बघत होते. आणि बरोबरच होतं ना! त्या आवाजात ते नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. बाहेर ते सर होते आणि घरात अहो. हा कोण रावजी, त्यांना काय माहीत? आईंनी दार उघडलं, खिडकी उघडली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घेतलं बी आन् फुकट बी गेलं."

मला त्या वेळी नानांना गदागदा हलवावंसं वाटलं. आजारी माणसावर असा राग येऊ नये. पण आला.

उरला पाढा. मी आणि जीवन संध्याकाळी खाटेजवळ बसायचो आणि उत्तरं द्यायचो. शिकवणी बंद होऊन काही वर्षं झाली होती, तरी अर्धा पाढा मला ऐकून ऐकून येत होता. जीवनला जास्त यायचा, पण तोही एका ठिकाणी येऊन अडायचा. गेट अक्रॉस. पोरगा असताना ह्याच शब्दाला त्याने भर ओट्यावर बापाचा मार खाल्ला होता आणि त्यानंतर तो शिकवणीला बसलाच नाही. आम्ही म्हणायचो, समजावणे. नाना डाव्या हाताने खाट ठोकायचे. गेट अप! आम्ही म्हणायचो, पलीकडे जाणे. खाट ठोकायचे. गेट अप! मोबाइलमध्ये शोधून जेवढे अर्थ मिळाले तेवढे म्हणून पाहिले. नानांना त्यांचाच अर्थ हवा होता, जो त्यांनी शिकवला तो. रोज तिथवर जायचं आणि रोज पहिल्यापासून. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. जीवन उठून बाहेर जायचा. आई त्यांचे डोळे पुसायच्या, आणि ते आईंच्या अंगावरून पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे. ते काय बघतात, हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही.

थंडी वाढली तसे जुने विद्यार्थी बघायला यायला लागले. एका रविवारी तिघं एकदम आले. त्यातला नवनाथ आमच्या ओळखीचा, फुलबाजारात शेवंती विकतो. तिघंही आता पोटं सुटलेले बाप्ये, हातात चिकूची पिशवी. खाटेजवळ उभे राहिले आणि पिशवी या हातातून त्या हातात करायला लागले. बघायला आलेल्या माणसांचं होतं तसंच. आई चहा टाकायला आत गेल्या. झटका आल्यापासून पाहुण्यांचा चहा मीच करत होते, पण त्या दिवशी माझे हात कणकेत होते.

"सर, वळखलं का?" नवनाथने विचारलं.

नानांनी तिघांकडे पाहिलं. "गेट अप," ते म्हणाले.

मी सांगणार होते, पण सांगावं लागलं नाही. नवनाथची पाठ आपोआप ताठ झाली, त्याने हाताची घडी घातली आणि म्हणाला, "उठणे." दुसऱ्या शब्दाला बाकीचे दोघं आले. चौथ्याला जीवनही. खोलीत अचानक वर्ग भरला. चार मोठे पुरुष एका सुरात, आणि नानांचा आवाज चढत गेलेला. गेट बायला तिघांतला टकलू गडी चुकला, 'भागवणे'च्या ऐवजी "जवळून जाणे" म्हणाला. नानांनी खाट ठोकली आणि सगळ्यांना पहिल्यापासून घेतलं. "लेका, तू तवा बी हितंच चुकायचा," नवनाथ कुजबुजला. हसू येत होतं आणि कणकेचे हात धुवायचे सोडून मी तिथंच उभी होते, कारण गेट अक्रॉस जवळ येत होतं.

"गेट अक्रॉस."

"आपलं सांगणं पोचवणे," तिघं म्हणाले.

नाना पुढे गेले. मी जीवनकडे पाहिलं. तो तोंडावर हात धरून उभा होता. मला उगाच कशातूनही अर्थ काढायची खोड आहे, म्हणून सांगते, नानांना त्यात काही नव्हतं. त्यांच्यासाठी ते पाढ्यातलं एक पद होतं, अडलं होतं आणि सुटलं. गेट अवे, निसटणे. गेट बॅक, परत येणे. आणि मग नानांनी उशीवरची मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि लांबवून म्हणाले, "गेट टुगेदर."

"एकत्र जमणे!"

पडदा सरला. आई कप घेऊन उभ्या होत्या. ट्रे नाही, पाहुण्यांचे कप नाहीत, एकच कप, बशीवर. नंतर म्हणाल्या, तो शब्द ऐकला आणि पाय आपसूक निघाले. त्या चार पावलं आल्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीकडे नाही, छताकडे नाही, त्यांच्याकडे. आणि म्हणाले, "ठेव."

मराठीत म्हणाले. अगदी पूर्वीसारखं, थोडं कंटाळून, वर्ग सुटल्याच्या आवाजात.

तेव्हा मला सगळं कळलं आणि माझा इतक्या वर्षांचा राग कुठं ठेवू ते समजेना. ह्या माणसाला बायकोला हाक मारायची एकच रीत माहीत होती. बाकीचं बोलणं गेलं तरी ती रीत उरली होती. इतके दिवस ते पाढा म्हणत नव्हते, तिला बोलावत होते. आणि ती शेजारीच बसली आहे हे त्यांना कळत नव्हतं, कारण ती कधी शेजारी बसलीच नव्हती. ती आतून यायची.

आईंनी कप स्टुलावर ठेवला. मग त्या न राहवून खाटेवर बसल्या, नानांचा हात हातात घेतला आणि "अहो, मी..." एवढंच म्हणाल्या.

नानांची नजर त्यांच्यावरून घसरली. पुन्हा दाराकडे गेली. "गेट अप," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही सगळं करून पाहिलं. जीवनने त्या तिघांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला, पण मोबाइल नानांसाठी थांबत नाही, त्याच्या वेगाने पुढे जातो, आणि नाना चिडतात. आईंनी नुसताच कप घेऊन बाहेर येऊन पाहिलं, दिवसातून कितीदा तरी. पाढा झालेला नसेल तर नाना बघत नाहीत. दिशाला विचारलं. ती म्हणाली, जेवढं येतंय तेवढं जपा. हे कमी होत जाऊ शकतं.

ते कमी होत चाललं आहे. आता उत्तरं आम्हाला सगळी येतात, अडतात नानाच. एखाद्या संध्याकाळी चुलतदीर येतात, नवनाथ बाजारातून परतताना डोकावतो, चार आवाज होतात आणि पाढा शेवटाला जातो. मग आई बाहेर येतात, नाना "ठेव" म्हणतात आणि कपाची बशी खाली टेकेपर्यंत त्या त्यांच्या बायको असतात. बाकी दिवस मी आणि जीवन दोघंच. दोन आवाजांचा वर्ग होत नाही.

आज गेट ऑफच्या पुढे गाडी गेली नाही. चौथ्यांदा पहिल्यापासून झालं तेव्हा जीवनचा घसा बसला होता. पडद्याखालून मला आईंची पावलं दिसत होती. मघापासून तिथंच होती, फरशी गार असल्याने एकावर एक ठेवलेली. मी उठून पडदा बाजूला केला. त्या कप घेऊन उभ्या होत्या, चहावर साय धरली होती.

"आई, बाहेर या ना," मी म्हणाले. "द्या तो कप. बसा त्यांच्याजवळ."

त्यांनी मान हलवली आणि पडदा माझ्या हातातून घेऊन पुन्हा सारखा केला.

"बोलावलं नाय अजून," त्या आतून म्हणाल्या.

मी खाटेजवळ येऊन बसले. नाना म्हणाले, "गेट अप." मी आणि जीवन म्हणालो, "उठणे."